पुस्तकापर्यंतचं अंतर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या लोअर परळमधल्या डबक चाळीत, एका खोलीत एक कुटुंब राहत होतं. संसाराचं सारं सामान त्याच खोलीत, माणसंही त्याच खोलीत. घरातल्या शाळकरी मुलाला अभ्यासाला जागाच नव्हती. वडिलांनी त्यावर एक तोड काढली. मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागं राहायचं आणि मग मुलाला उठवून स्वतः आडवं व्हायचं. रात्री दोनला चाळ निजलेली असे, तेवढी शांतता अभ्यासाला मिळे. दिवसा शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत येणाऱ्या एका शिक्षकांनी त्याला हेरलं, चौकशी केली आणि आपल्याजवळची पुस्तकं वाचायला द्यायला सुरुवात केली. हे शिक्षक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं मराठी चरित्र त्याला भेट दिलं. पुढच्या शिक्षणाला पैसे कमी पडू लागले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचं नाव पोचवलं, तेही केळुसकरांनीच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव आंबेडकरांचं एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण पुढे चालू राहिलं.

ही हकीकत आपण एका थोर माणसाच्या जिद्दीची म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मुलाकडे बुद्धी होती, चिकाटी होती, त्याच्यासाठी झोप मोडणारे वडील होते. नव्हत्या त्या तीन गोष्टी: बसायला जागा, वाचायला पुस्तक, आणि योग्य पुस्तक योग्य वेळी हाती देणारा माणूस. या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या त्या योगायोगाने. बागेत केळुसकर भेटले नसते तर? असे न भेटलेले किती असतील, याची नोंद कोणाकडेच नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचं काम नेमकं इथे सुरू होतं. जागा, पुस्तक आणि माणूस या तीन गोष्टी नशिबावर न सोडता, येईल त्याच्यासाठी रोज ठरल्या वेळी हजर ठेवणं, एवढं ते काम आहे.

ग्रंथालयाबद्दल बोलताना आपण बहुधा पुस्तकांची संख्या सांगतो. अमुक इतके हजार ग्रंथ, तमुक इतकी दुर्मीळ हस्तलिखितं. संग्रहाचं मोल मोठंच आहे. १८९३ मध्ये ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं ते मराठीत छापलं गेलेलं प्रत्येक पुस्तक मिळवून जपण्याच्या इराद्याने. पाच वर्षांनी मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं. या संस्था नसत्या तर एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तकं आज नावालाही उरली नसती. पण संग्रह जपणं हे एक काम झालं आणि माणसाचं आयुष्य बदलणं हे दुसरं. दुसऱ्या कामाचं माप वेगळं आहे. पुस्तक आणि ते ज्याला हवं आहे तो माणूस, यांच्यामधलं अंतर किती कमी झालं, हे ते माप.

अंतर म्हणजे नुसते कोस आणि मैल नव्हेत. वर्गणी परवडत नाही, हे अंतर आहे. आत गेलो तर कोणी हटकेल अशी भीती वाटते, हे अंतर आहे. बाईमाणसाने संध्याकाळी तिथे जायचं नसतं, ही घरची समजूत हेही अंतरच. वाचनालय उघडं असतं तेव्हा आपण कामावर असतो. पुस्तक कपाटात आहे, पण ते आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. सारी अंतरंच.

आपल्याकडची पहिली वाचनालयं या मापाने पाहिली तर काय दिसतं? पणजीत पोर्तुगीज अमदानीत १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय सुरू झालं. आज ते कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून चालू आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकाराने वाचनालय निघालं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. यांतल्या काहींचं सुरुवातीचं नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असं होतं. शिकलेली मंडळी एकत्र येऊन वर्तमानपत्रं वाचू लागली, वाद घालू लागली, सार्वजनिक जीवन म्हणतात ते इथे आकार घेऊ लागलं. तरीही तिथे पोचणारा माणूस कोण होता? वर्गणी भरू शकणारा, साक्षर, बहुधा उच्चवर्णीय, आणि पुरुष. दार उघडं होतं, पण दारापर्यंतची वाट सगळ्यांसाठी मोकळी नव्हती.

ती वाट मोकळी करायचा राज्यपातळीवरचा पहिला मोठा प्रयत्न आपल्या देशात बडोदे संस्थानात झाला. तो करणारा राजा जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा होता. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा सयाजीराव बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षर उशिरा हाती आलं की त्याची किंमत किती कळते, हे त्यांच्या पुढच्या कारभारात दिसतं. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला.

पण इथेच एक अडचण पुढे आली, आणि ती आजही तितकीच खरी आहे. मूल चार-पाच वर्षं शाळेत जातं, वाचायला शिकतं, मग शेतावर किंवा धंद्याला लागतं. गावात वाचायला काहीच नसेल तर शिकलेली अक्षरं काही वर्षांत पुसट होतात. शाळेवर केलेला खर्च मातीत जातो. सयाजीराव १९०६ मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी बारकाईने पाहिली आणि शाळेच्या पुढची पायरी त्यांना तिथे सापडली. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत ठरवली, ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग सुरू केले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह लोकांसाठी खुला झाला. बोर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी काम पुढे नेलं. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं ग्रंथालयविषयक नियतकालिक बडोद्यातून निघालं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

या योजनेतले दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला पैशांचा. गावात वाचनालय हवं असेल तर गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम उभी करायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. तिघांचा सारखा वाटा. गावावर वाचनालय लादलं जात नव्हतं आणि गावाला एकट्यालाही सोडलं जात नव्हतं. ज्याने आपल्या पदरचे चार आणे घातले, तो वाचनालय उघडं आहे की नाही हे पाहायला दुसऱ्या दिवशी चक्कर मारणारच. गुजरातेत मोतीभाई अमीन या शिक्षकाने मित्रमंडळांच्या वाचनालयांची चळवळ आधीच सुरू केली होती. सरकारी योजनेला अशा कार्यकर्त्यांचा आधार मिळाला.

दुसरा तपशील पेट्यांचा. ज्या गावात वाचनालय नाही, तिथे फिरतं वाचनालय जाई. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि रेल्वेने, गाडीने गावातल्या जबाबदार माणसाकडे, बहुधा शाळामास्तरांकडे रवाना करायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावाने ती पुस्तकं वाचली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. माणूस पुस्तकापर्यंत पोचू शकत नसेल तर पुस्तकाने उठून माणसापर्यंत जायचं, ही कल्पना आज साधी वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती एका संस्थानाच्या अंदाजपत्रकात खर्चाच्या सदराखाली लिहिली गेली, यात तिचं मोठेपण आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी जादूचे कंदील आणि चलच्चित्रं घेऊन गावोगाव फिरणारा वेगळा विभाग होता. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. मांडवीजवळच्या त्या इमारतीत पुस्तकांच्या दालनाला मजल्यांमजल्यांवर काचेची जमीन आहे, वरचा उजेड थेट तळमजल्यावरच्या कपाटांपर्यंत उतरावा म्हणून.

आता याच बडोद्यात १९१७ साली काय घडलं तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट राहील. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून डॉ. आंबेडकर शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. शहरात कोणीही आसरा दिला नाही. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या संस्थानाच्या राजधानीत, त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या माणसांपैकी एकाला रात्र काढायला एक खोली मिळाली नाही. ग्रंथालय पुस्तक आणि माणूस यांच्यातलं अंतर कमी करतं. माणूस आणि माणूस यांच्यातलं अंतर ते एकट्याने मिटवू शकत नाही, त्याला कायदा लागतो आणि लढा लागतो.

तरीही लढणाऱ्यांनी ग्रंथालय सोडलं नाही, हे लक्षात घ्यावं. जुलै १९२४ मध्ये आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांमध्ये वसतिगृहं काढण्याच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासवर्ग काढणं हेही होतं. वसतिगृह म्हणजे जागा, वाचनालय म्हणजे पुस्तक, अभ्यासवर्ग म्हणजे सांगणारा माणूस. बागेत बसून वाचलेल्या मुलाला नेमकं काय कमी होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

याच काळात मद्रासमध्ये एक गणिताचे प्राध्यापक ग्रंथपाल झाले. शियाळी रामामृत रंगनाथन. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाले तेव्हा रिकाम्या दालनात त्यांचं मन रमेना. त्यांना परत शिकवायला जायचं होतं. पण लंडनला जाऊन आले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून बदलले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तक वापरासाठी असतं. वाचकाला त्याच्या गरजेचं पुस्तक मिळायला हवं आणि पुस्तकालाही त्याचा वाचक. वाचकाचा वेळ फुकट जाऊ नये. आणि ग्रंथालय सतत वाढत राहतं, असा त्यांचा आशय आहे.

यातलं पहिलं सूत्र वाचताना वाटतं, यात सांगण्यासारखं काय आहे? पण जुन्या वाचनालयांची रचना आठवून पाहा. जाळीच्या पलीकडे कपाटं, अलीकडे वाचक. सूचीत नाव शोधायचं, चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, ती खिडकीतून आत द्यायची आणि वाट पाहायची. पुस्तक बाहेर असेल तर पुन्हा सूची. ज्याला हवं त्या पुस्तकाचं नाव आधीच माहीत आहे, त्याचं यात भागतं. ज्याला काय हवं हेच अजून कळलेलं नाही, तो नववीतला मुलगा किंवा पहिल्यांदाच आलेली गृहिणी, त्यांचं काय? रंगनाथन यांचा आग्रह मुक्तद्वाराचा होता: वाचकाला कपाटांमध्ये फिरू द्या, पुस्तक हातात घेऊन चाळू द्या. पुस्तकं थोडी हरवतील, हे त्यांना मान्य होतं. ग्रंथालय उघडं राहण्याच्या वेळांबद्दलही त्यांचा तितकाच आग्रह होता, कारण लोक मोकळे असतात तेव्हाच दार बंद असेल तर आतल्या संग्रहाचा उपयोग काय?

कायद्याच्या बाबतीत मराठी मुलुखाचा मान पहिला आहे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. स्वातंत्र्यानंतर मद्रासने १९४८ मध्ये केला, त्यामागे रंगनाथन होते. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून अमलात आला. आपल्याकडची पद्धत तमिळनाडूपेक्षा वेगळी आहे. तिथे मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात आणि ग्रंथालयं बहुतांशी सरकारी यंत्रणा चालवते. महाराष्ट्रात असा उपकर नाही. इथली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं लोकांनी काढलेल्या नोंदणीकृत संस्था आहेत. सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान देतं. पुस्तकं घरी न्यायची तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते, पण वर्तमानपत्रं-नियतकालिकं वाचायला येणाऱ्याला वाचनकक्ष मोफत खुला असतो. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजार आहेत, शहरांतली धरून. ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. म्हणजे ‘गाव तिथे ग्रंथालय’ ही घोषणा अजून निम्म्या वाटेवरही आलेली नाही.

जिथे ग्रंथालय आहे, तिथे आज कोण येतं? सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली निवृत्त मंडळी अजूनही असतात. वर्तमानपत्राची पानं एकमेकांत वाटून घेतली जातात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातली ही एकच वेळ असते, जेव्हा कोणी ‘काल आला नाहीत?’ असं विचारतं. वाचनाच्या आकडेवारीत हे कुठे येत नाही, म्हणून ते कमी महत्त्वाचं ठरत नाही.

दिवाळीनंतर गर्दी वाढते. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मासिक मनोरंजन’पासूनची, आणि ती घरोघरी पोचवण्यात वाचनालयांचा वाटा फार मोठा आहे. एकेक अंक आज शेकडो रुपयांचा झालाय. मध्यमवर्गीय घर दोन-तीन अंक विकत घेईल. वाचनालय शंभर घेतं आणि दिवाळी अंक योजनेत थोडे पैसे भरणाऱ्या सभासदाला काही महिने ते सारे वाचता येतात. एकच अंक वीस-पंचवीस घरं फिरून, कोपरे दुमडून, पाठीला खाकी कागद लावून परत कपाटात येतो. पुस्तकावर सगळ्यांनी मिळून केलेला खर्च प्रत्येकाला किती स्वस्त पडतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

पण आज सगळ्यात जास्त जागा अडते ती अभ्यासिकेत. तालुक्याच्या गावी जा. वाचनालयाच्या मागच्या दालनात प्लायवूडच्या आडोशांच्या रांगा, प्रत्येक आडोशात एक मुलगा किंवा मुलगी, पाण्याची बाटली, मोबाईल चार्जिंगला लावलेला, समोर चालू घडामोडींची मासिकं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा, बँक. खासगी अभ्यासिकांचं महिन्याचं भाडं शेतमजुराच्या घराला झेपत नाही. पुण्याला जाऊन राहणं तर दूरच. ग्रंथालय चळवळीतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांना याचं वाईट वाटतं. ही मुलं कथा-कादंबऱ्यांना हात लावत नाहीत, ग्रंथालयाची धर्मशाळा झाली, असं ते म्हणतात. त्यांचा जीव वाचनात अडकलेला आहे, त्यांची खंत मला कळते. तरी मी त्या मुलांच्या बाजूने आहे. डबक चाळीतल्या त्या मुलाला शांत जागा हवी होती, आणि आजही दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, धाकटी भावंडं आणि पाहुणे यांच्यामध्ये अभ्यास करणाऱ्याला तेच हवं आहे. मुलींच्या बाबतीत तर ही जागा आणखी मोलाची. मैत्रिणीच्या घरी जाते म्हटलं तर दहा प्रश्न विचारणारं घर ‘वाचनालयात जाते’ म्हटल्यावर रात्री आठपर्यंत वाट पाहतं. गावात मुलीने एकटीने तासन्‌तास बसावं आणि त्याबद्दल कोणी काही बोलू नये, अशा सार्वजनिक जागा किती आहेत, मोजून पाहावं.

आणि पाणी प्यायला उठलेली तीच मुलगी एखाद्या दिवशी पुढच्या दालनात रेंगाळते, एक कादंबरी चाळते. तिला तिथे चाळू द्यायला मुक्तद्वार हवं आणि ‘हे बघ, हे तुला आवडेल’ म्हणणारं कोणीतरी हवं.

दृष्टिहीन वाचकाचं अंतर आणखी वेगळं. पुस्तक समोर आहे, त्याच्या हातात आहे, तरीही दूर आहे. ब्रेलमध्ये किंवा श्राव्य स्वरूपात पुस्तक करायचं तर पूर्वी स्वामित्वहक्काची परवानगी आडवी येई. भारताने २०१२ मध्ये कायद्यात सुधारणा करून ती अडचण दूर केली आणि अशा वाचकांसाठी झालेला मराकेश करार २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी आपल्या देशाने मंजूर केला. मराठीत २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक निघतं. कायदा झाला, करार झाला, पाक्षिकही निघालं. तालुक्याच्या वाचनालयात ब्रेलचं एक तरी कपाट असणं मात्र अजून अपवादच आहे.

जागा झाली, पुस्तकं झाली. तिसरी गोष्ट माणूस. आणि इथे आपण अक्षम्य हलगर्जीपणा केला आहे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. गावोगावची बहुसंख्य छोटी ग्रंथालयं खालच्या वर्गांत मोडतात. ड वर्गाच्या ग्रंथालयाला बरीच वर्षं वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान मिळत होतं. त्यातले निम्मे पगारावर खर्च करायचे, उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं आणि झाडू. निम्मे म्हणजे १५ हजार, आणि त्याचे बारा भाग केले तर महिन्याला १,२५० रुपये. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या हिशेबाने महिन्याला दोन हजार. एवढ्या पैशांत ग्रंथपाल रोज दार उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव करतो, नोंदवह्या भरतो, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे हिशेब ठेवतो. शेती किंवा दुसरी नोकरी सांभाळून हे काम करणारे असंख्य आहेत. २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा अनेक ग्रंथालयं कागदावरच असल्याचं दिसलं, हे खरं आहे आणि लाजिरवाणंही आहे. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणंच बरीच वर्षं थांबलं. चूक करणाऱ्यांची शिक्षा ज्या गावांत वाचनालय नव्हतं त्या गावांनी भोगली.

सरकारची वाट न पाहता केलेले प्रयत्नही आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांची पेटी करायची, ती वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, गटाने आपसांत पुस्तकं फिरवायची आणि काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. या पेट्या गृहनिर्माण सोसायट्यांत गेल्या, कारागृहांत गेल्या, आणि दुबईपासून पुढे परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. कवळाण्याच्या राजाने बडोद्यात जी युक्ती काढली, ती शंभर वर्षांनी त्याच्याच जिल्ह्यात नव्याने उभी राहिली. भिलारची गोष्ट निराळी. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. लोकांनी आपल्या घरांतल्या ओसऱ्या आणि खोल्या पुस्तकांसाठी दिल्या. वाचायला वर्गणी नाही, सभासदत्व नाही. पुस्तक ठेवायला इमारतच लागते असं नाही, घरचा उंबरा ओलांडू देणारी माणसं लागतात, हे तिथे गेल्यावर दिसतं.

आपल्या गावात किंवा पेठेत वाचनालय असेल तर ते बहुधा सभासदांची संस्था आहे, हे पुष्कळ सभासदांना ठाऊकच नसतं. तिथे मागणीची वही असते. हवं ते पुस्तक नसेल तर नाव लिहून ठेवता येतं, आणि पुस्तक खरेदीच्या वेळी कार्यकारी मंडळाला ती वही पाहावी लागते. वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तिची सूचना वाचनकक्षातल्या फलकावर लागते, जमाखर्च मांडला जातो, आणि बहुतेक ठिकाणी कोरमपुरतीही माणसं नसल्यामुळे अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवून उरकली जाते. ग्रंथपालाच्या मानधनात संस्थेने आपली भर घालायची का, कपाटांची जाळी काढायची का, मुलांचा विभाग रविवारी उघडा ठेवायचा का, कामावरून साडेसातला परतणाऱ्यांसाठी दार नऊपर्यंत उघडं ठेवायचं का, हे सारे प्रश्न त्याच सभेत मांडता येतात, आणि वर्गणी भरलेल्या सभासदाला ते विचारायचा अधिकार असतो.